माणूस चुकणार, हे धरूनच लिहिलेला प्रोग्राम

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटले की आपल्याला आधी पगाराचा आकडा आठवतो. मार्गारेट हॅमिल्टन यांचे काम पाहिले की मात्र दुसराच प्रश्न पडतो. यंत्रणा कोसळली तर दोष कोणाचा?

१९३६ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात जन्मलेल्या हॅमिल्टन गणिताच्या पदवीधर. प्रोग्रामिंग त्या कामावरच शिकल्या, कारण तेव्हा हा विषय महाविद्यालयात जवळपास शिकवला जातच नव्हता. पुढे अपोलो यानांतील सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एमआयटीमधील गटाच्या त्या प्रमुख झाल्या.

सुट्टीच्या दिवशी त्या आपल्या लहान मुलीला प्रयोगशाळेत नेत. एकदा तिने खेळता खेळता बटणे दाबली आणि सिम्युलेटर बंद पडला. यान उड्डाणात असताना तिने उड्डाणाआधीचा 'पी०१' हा प्रोग्राम चालू केला होता. अंतराळवीराकडून असे झाले तर? ही चूक अडवणारी तपासणी सॉफ्टवेअरमध्ये घालू द्या, असे हॅमिल्टन यांनी सुचवले. उत्तर मिळाले, प्रशिक्षित अंतराळवीर अशी चूक करत नाहीत. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राकडून परतत असताना जिम लॉवेल यांच्या हातून नेमका तोच प्रोग्राम सुरू झाला आणि दिशेची माहिती पुसली गेली. ताऱ्यांच्या आधाराने त्यांना ती पुन्हा बसवावी लागली. त्यानंतर तपासणीला परवानगी मिळाली.

वस्तीत काम करताना हे उत्तर मला फार ओळखीचे वाटते. रेशन दुकानातले यंत्र अंगठा घेत नाही, तेव्हा दोष आजीच्या झिजलेल्या बोटाला दिला जातो. आयुष्यभर भांडी घासलेल्या हाताचा विचार यंत्र बनवताना कोणी केला होता का, हे कोणी विचारत नाही.

संगणक शिकणाऱ्यांनी पुढचा प्रसंग नीट समजून घ्यावा. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना १२०२ क्रमांकाचा इशारा झळकला. एका रडारमुळे संगणकावर नको तेवढा भार आला होता, आणि त्याची लिहिता-पुसता येणारी मेमरी होती अवघ्या २,०४८ शब्दांची. पण कोणते काम आधी, कोणते नंतर, हे ठरलेले होते. ही मूळ रचना हॅल लॅनिंग यांची. संगणक स्वतःच पुन्हा सुरू झाला, कमी महत्त्वाची कामे त्याने सोडली आणि यान उतरवण्याचे काम चालू ठेवले.

आपल्या कामाला हॅमिल्टन 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' म्हणू लागल्या तेव्हा सहकारी थट्टा करत. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' दिले.