चंदनाचे पाणी : गारवा खरा, औषध नव्हे

चंद्रपूर : मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे चंद्रपूरकरांना नवे नाही. घामोळ्या आणि अंगाची लाही यांवर पूर्वी घरोघरी सहाणेवर चंदनाचे खोड उगाळले जाई. आता बाटलीतले चंदनाचे पाणी चेहऱ्यावर फवारले जाते. या दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

चंदनाच्या गाभ्याच्या भुश्यातून वाफेच्या साहाय्याने तेल काढतात. वाफ थंड झाली की तेल वर तरंगते. खाली उरते ते सुगंधी पाणी म्हणजे खरे चंदनजल. तेलातील सँटॅलॉल हा घटक प्रयोगशाळेत जंतुरोधक व दाहशामक आढळला आहे. मात्र पाण्यात त्याचा अंश अत्यल्प असल्याने तेलाचे गुण त्याला चिकटविता येत नाहीत. फवारल्यावर जाणवणारा गारवा प्रामुख्याने पाण्याच्या बाष्पीभवनाचा असतो. तो माठातल्या पाण्यानेही मिळतो!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाची ख्याती सागाची आणि बांबूची. चंदनाचा गाभा भरायला पंधरा-वीस वर्षे लागतात, म्हणून अस्सल माल महागच असतो. स्वस्त बाटलीत बहुधा साधे पाणी, कृत्रिम सुगंध आणि रंग असतात. घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक व वापराची मुदत वेष्टनावर नसेल तर ती बाटली घेऊ नये. लाल रंगाचे रक्तचंदन हे तर वेगळेच झाड. त्याला हा सुगंध नसतो.

निरोगी त्वचेला चंदनजल सहसा बाधत नाही, तरीही सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी काहींना असते. कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस पाहावे. खाज वा लाली आल्यास नाद सोडावा. चिरलेली, ओली त्वचा, डोळ्यांभोवतीचा भाग आणि तान्ही बाळे यांना ते वर्ज्य. परिरक्षक नसलेल्या पाण्यात जंतू वाढतात, त्यामुळे बाटली थंड जागी ठेवावी आणि वास बदलताच फेकून द्यावी. उन्हापासून संरक्षण मात्र त्याने मुळीच होत नाही. त्यासाठी रुमाल-दुपट्टाच बरा.

खरा धोका वेगळा आहे. घामाने काखेत वा जांघेत उठलेला, कडेने लाल, गोलाकार पसरणारा चट्टा घामोळे नसून बहुधा गजकर्ण असतो. तो बुरशीचा संसर्ग असून घरातील इतरांनाही होतो. चंदनाच्या पाण्याने खाज तासभर शमते, बुरशी पसरतच राहते. अशा वेळी स्टेरॉईड मिसळलेले मलमही दुकानातून परस्पर आणू नये. त्याने चट्टा तात्पुरता दबून पुढे चिवट होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून बुरशीनाशक औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे, चट्टा दिसेनासा झाला तरी.