चिंचोक्यांची खतावणी

वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य ज्या गिरिस्थानी कोसळतो, त्या महाबळेश्वरात ऐन आषाढात 'उद्या पाऊस पडेल काय?' असे मुलांना विचारणे म्हणजे संभाव्यतेच्या पाठाची थट्टाच होय. तो प्रश्न ऑक्टोबरासाठी राखून ठेवावा आणि तोवर, धुक्याने खिडक्या बुजलेल्या वर्गात, फरशीवर खडूने चल्लसचा पट आखावा.

या खेळाचे फासे म्हणजे दुभंगलेले चार चिंचोके. पाठ काळसर, पोट पांढरे. जितकी पोटे वर येतील तितके दान, आणि चारही पाठी वर आल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा दान टाकण्याचा हक्क मिळतो. हा दस्तूर ज्या अनामिक खेळगड्यांनी घातला, त्यांना ही दाने विरळा पडतात हे खासच ठाऊक असले पाहिजे. चार चिंचोके पडण्याचे एकंदर प्रकार १६. त्यांत आठाचा १, एकाचे ४, दोनाचे ६, तिनाचे ४ आणि चाराचा १. हीच ओळ दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रावरील टीकेत, लघुगुरूंची मोजदाद करताना, मेरुप्रस्तारात मांडली. अर्धवट राहिलेल्या जुगारातील पैशांच्या वाटणीवरून पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार घडला तो त्यानंतर कित्येक शतकांनी, १६५४ साली.

परंतु हे सोळाही प्रकार समसमान मानावयाचे, तर चिंचोका निःपक्षपाती हवा, आणि तो तसा असल्याची हमी कोणी द्यावी? नाण्याविषयी आपण बसल्या जागी तर्क करतो. पाठीशी फुगीर आणि पोटाशी सपाट अशा चिंचोक्याची मात्र टाकून, मोजून, वहीत उतरवूनच रुजुवात घ्यावी लागते. माझ्या मते नाण्यापेक्षा तो चांगला गुरू आहे तो याचसाठी. पहिल्या दहा नोंदींवर फैसला देण्याची घाई मुले करणारच. ती करू द्यावी, आणि मग साऱ्या वर्गाच्या शेकडो नोंदी एकाच खतावणीत जमा कराव्यात. समजा, पोट शंभरांत साठ वेळा वर येते असे दिसले, तर चाराची शक्यता सोळांत एक न राहता सुमारे आठांत एक होते, आणि आठाची घसरून चाळिसांत एकाच्या आसपास येते.

मग दोन्ही दानांना सारखाच हक्क का, अशी तक्रार मागल्या बाकावरून उठते, आणि पट पुसून नवे नियम लिहिण्यात उरलेला तास निघून जातो.