उपचार कोणासाठी?

पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस दिसू लागतात, विशी उलटली तरी मुरमे हटत नाहीत, म्हणून मुलीला दवाखान्यात नेले जाते. सोनोग्राफी होते आणि अहवालात 'पी.सी.ओ.एस.' ही चार अक्षरे उमटतात. त्यानंतर आईच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : 'पुढे लग्नाला, मुलाबाळाला काही अडचण येणार नाही ना?' त्याचे ठरीव उत्तरही आपल्याकडे तयार असते. लग्न झाले, एक मूल झाले, की सारे आपोआप सुरळीत होईल! या प्रश्नोत्तरात, जिच्या देहाविषयी हे बोलणे चालले आहे तिला स्वतःला कशाचा त्रास होतो आहे, हे विचारावयाचे राहूनच जाते. या विकाराच्या उपचारांतील निम्मा गोंधळ येथूनच सुरू होतो, असे माझे मत आहे.

विकार नवा नाही. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी बंद पडली होती आणि बीजांडकोश मोठे झाले होते. डॉक्टरांनी बीजांडकोशाचा पाचरीसारखा भाग कापून काढला आणि पाळी पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून हा बीजांडकोशाचा, म्हणजे पर्यायाने अपत्यप्राप्तीचा रोग, हे समीकरण रूढ झाले. नावानेही त्यात भर घातली. ज्यांना अहवालात 'सिस्ट' म्हटले जाते आणि घरोघरी 'पाण्याच्या गाठी' म्हणून ज्यांची धास्ती घेतली जाते, त्या वस्तुतः गाठी नव्हेतच. दर महिन्याला स्त्रीबीज पक्व व्हावयाचे, ते अर्ध्या वाटेत अडकून राहिले की त्याच्या भोवतीच्या दोन ते नऊ मिलिमीटरच्या पिशव्या तशाच साचून दिसतात, इतकेच.

ही वाट अडते कशामुळे? पुष्कळ जणींच्या बाबतीत शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन निर्माण करते. वाढलेले इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवावयास लावते, आणि या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृत तयार करते, त्याचेही प्रमाण घटविते. हनुवटीवरचे केस, मुरमे आणि लांबलेली पाळी या तिन्ही गोष्टींचा उगम असा बऱ्याच अंशी एक आहे. आनुवंशिकतेचाही त्यात मोठा वाटा आहे. तेव्हा 'तू फार वडापाव खातेस म्हणून हे झाले' असे मुलीला ऐकविणे हे अज्ञानाचे आणि काहीसे क्रौर्याचेही लक्षण होय.

अंगाने सडपातळ असलेल्या मुलीला हा विकार कसा होईल, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय देह वरून कृश दिसतो आणि आत मेद बाळगतो. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबून चालत नाही.

निदानाच्या बाबतीत आपण फार उतावळे आहोत. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तिहींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. शिवाय थायरॉइड वा प्रोलॅक्टिन यांचे दोष नाहीत याची खात्री करावी लागते. मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत या निकषांनी २२.५ टक्के मुलींत हा विकार आढळला. दुसऱ्या, अधिक कडक निकषांनी मोजता हेच प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले! पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती अनियमित असणे आणि सोनोग्राफीत पुष्कळ पिशव्या दिसणे हे निरोगी मुलींतही घडते. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने, पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. आठवी-नववीतल्या मुलीची फाइल घेऊन जाणाऱ्या पालकांनी एवढे वाक्य तरी ध्यानात ठेवावे.

निदान पक्के झाले तर उपचार कोणता? येथे मूळ प्रश्नाकडे परत यावे लागते. हा विकार समूळ घालविणारे औषध आज उपलब्ध नाही. जी औषधे आहेत ती निरनिराळ्या तक्रारींवरची आहेत, आणि कोणती तक्रार प्रथम दूर व्हावी हे तिनेच सांगावयाचे असते. पाळी नियमित व्हावी, केस आणि मुरमे कमी व्हावीत, ही तिची निकड असेल तर संयुक्त संप्रेरकांच्या गोळ्या हा पहिला पर्याय. याच गोळ्या गर्भनिरोधक म्हणून विकल्या जातात, आणि तेथेच घरात वादळ उठते. अविवाहित मुलीच्या कपाटात ते पाकीट सापडले तर लोक काय म्हणतील, या भीतीने पुष्कळ मुलींचे उपचार महिन्या-दोन महिन्यांत थांबविले जातात. या गोळ्यांनी पुढे वंध्यत्व येते हा समज निराधार आहे. मात्र खरे धोके निराळे आहेत व ते विचारून घेतले पाहिजेत : रक्तात गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते, रक्तदाब, धूम्रपान, किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन उठणारी अर्धशिशी असेल तर त्या टाळाव्या लागतात. केसांवर परिणाम दिसावयास सहा महिने तरी लागतात, आणि गोळ्या थांबविल्या की तक्रारी परतू शकतात. 'गुण आला नाही' म्हणून डॉक्टर बदलण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे.

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे जुने व स्वस्त औषध. इन्शुलिनच्या दोषावर ते उपयोगी पडते; केसांवर मात्र फारसे चालत नाही. प्रारंभी पोट बिघडते, आणि दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, ही गोष्ट शाकाहारी घरांनी विशेष लक्षात घ्यावी. इनोसिटॉलच्या महागड्या पुड्यांचा सध्या मोठा बोलबाला आहे. त्यांच्या बाजूचा पुरावा अद्याप तोकडा आहे. वजन अधिक असल्यास ते पाच टक्क्यांनी उतरले तरी लाभ होतो. कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्याहून श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा भाकरी-उसळ सोडून डबाबंद भुकट्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे व्यायाम असावा, हे सांगणे सोपे आहे. पण संध्याकाळी मुलीने एकटीने तासभर फिरावयास जाणे आपल्या किती घरांना आणि किती गल्ल्यांना मानवते? डॉक्टरच्या चिठ्ठीतील त्या ओळीची अंमलबजावणी कुटुंबानेच करावयाची असते. खिन्नता आणि चिंता या विकारात अधिक आढळतात. चेहऱ्यावरून टोमणे ऐकणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर त्यांची विचारपूस आवर्जून करावी.

अपत्य हवे असेल तेव्हा उपाय आहेत, आणि ते पुष्कळदा यशस्वी होतात. स्तनाच्या कर्करोगासाठी निघालेल्या लेट्रोझोल या औषधावर आपल्या केंद्र सरकारने २०११ साली वंध्यत्वाच्या उपचारांपुरती बंदी घातली होती. २०१४ साली अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष आले : लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले, जुन्या क्लोमिफीनवर १९.१ टक्के. पुढे २०१७ साली बंदी उठली. आज या कामी हेच पहिले औषध मानले जाते.

मात्र मूल झाले म्हणजे विकार संपला, ही समजूत सर्वांत महागात पडते. पाळी महिनोन् महिने न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. त्यातून कर्करोग होण्याचे प्रमाण एकंदरीत अल्प असले तरी इतर स्त्रियांपेक्षा ते अधिक आहे. म्हणून पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ थांबू न देणे अगत्याचे ठरते. मधुमेहाची टांगती तलवार तर चाळिशीनंतरही राहते. दोन मुलांची आई झालेली, नोकरी आणि घर सांभाळणारी स्त्री त्या जुन्या अहवालाचा विचारही करीत नाही, आणि तिच्या घरचेही करीत नाहीत. लग्नाच्या वेळचा प्रश्न सुटलेला असतो ना! मार्गदर्शिका सांगते की अशा स्त्रीची साखर दर एक ते तीन वर्षांनी तपासावी, आणि तीही शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याच्या पद्धतीने, कारण नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत दोष कित्येकदा निसटून जातो. त्यासाठी तिला एक सकाळ मोकळी मिळावी लागते.