नकाशे, कुलेतिहास-संशोधनातील
पूर्वजांचे गाव, जमीन व स्थलांतर निश्चित करण्यासाठी जुन्या नकाशांचा केला जाणारा उपयोग. वंशावळीवरून व्यक्तींची परस्परनाती कळतात, तर नकाशावरून त्यांचे वसतिस्थान उलगडते.

मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीची महसुली पाहणी सुरू केली. पुढे इलाख्यात रूढ झालेल्या या पद्धतीत शेतांना क्रमांक देऊन गावनकाशे तयार करण्यात आले. नकाशावर खातेदाराचे नाव नसते. त्यावरील क्रमांक सातबारा, फेरफार व जुन्या गावनोंदींत शोधून कुटुंबाचा माग काढावा लागतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये अनेक गावांत सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. म्हणून दोहोंचा मेळ घातल्याशिवाय केलेले अनुमान भलत्याच शेताकडे व कुटुंबाकडे नेते.

आडनावावरून मूळ गाव ठरविताना एकाच नावाची अनेक गावे आढळतात. अशा वेळी नकाशावरील नदी, घाट व शेजारची गावे दप्तरातील उल्लेखांशी ताडून पाहावी लागतात. प्रशासकीय सीमाही बदलतात : सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे तेथील त्यापूर्वीच्या नोंदी रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाखाली आढळतात. नकाशाचे सर्वेक्षणवर्ष व प्रकाशनवर्ष भिन्न असू शकते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बुडालेल्या गावांतील विस्थापितांच्या वंशजांना आपले मूळ गावठाण व शिवार आता जुन्या नकाशावरच पाहता येते.