ठणका थांबला, कीड नाही

मुकुटबन, झरी जामणी, पांढरकवडा हा यवतमाळचा पट्टा फ्लोराइडच्या पाण्यासाठी ओळखला जातो. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असेल आणि दात तयार होण्याच्या वयात ते पोटात जात राहिलं, तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. ते घासून जात नाहीत. मग ‘आमच्याकडं सगळ्यांचेच दात असे’ म्हणत खरी कीडही त्यातच खपून जाते. वर खर्रा आहेच. पन्नीवर घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. त्यातल्या सुपारीनं गाल आतून ताठ होतात, तोंड दोन बोटंही उघडेनासं होतं. ब्रश दाढेपर्यंत पोचणार कसा?

दाढ ठणकली की आपण लवंग दाबतो, गोळी घेतो. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि माणूस इथंच फसतो. आतली नस मेलेली असते, म्हणून दुखत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथं पू साठतो. खालच्या दाढेचा पू जिभेखाली, मानेत पसरला तर श्वासाची वाट दाबली जाते. त्यात जीवही जाऊ शकतो. मधुमेह असेल तर हिरड्यांचा रोग साखर चढवतो आणि चढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते.

जबड्याखाली सूज, सोबत ताप, गिळायला त्रास असेल तर घरी शेकत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.