छतपंख्यावरील दिव्यातील बिघाड

छतपंख्यावरील दिवा म्हणजे छताला टांगलेल्या विजेच्या पंख्याच्या मोटारीखाली बसवलेला दिवा. पंखा नीट फिरत असताना दिवा मात्र न लागणे हा या उपकरणातील नेहमीचा बिघाड आहे. पंखा फिरतो याचा अर्थ वीज त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणून दोष बहुधा दिव्याकडे जाणाऱ्या शाखेतच असतो.

रचना

मोटार आणि दिवा यांची न्यूट्रल तार सामाईक, तर फेजच्या तारा स्वतंत्र असतात. अमेरिकेत, जिथे असे पंखे विशेष प्रचलित आहेत, मोटारीच्या फेजसाठी काळी, दिव्याच्या फेजसाठी निळी आणि न्यूट्रलसाठी पांढरी तार वापरण्याचा प्रघात आहे. भारतात काळी तार न्यूट्रलची असून फेजसाठी लाल, पिवळी वा निळी तार वापरतात. अमेरिकी आराखडा समोर ठेवून भारतातील घरात जोडणी करणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत पंख्याच्या जागी रेग्युलेटरमार्गे आलेली फेजची एक तार व न्यूट्रल एवढ्याच दोन तारा असतात. दिव्यासाठी तिसरी तार ओढावी लागते किंवा रिमोटवर चालणारा पंखा घ्यावा लागतो. हा खर्च टाळण्यासाठी दिवा रेग्युलेटरच्या तारेलाच जोडला, तर पंख्याचा वेग कमी केल्यावर एलईडी दिवा फडफडतो किंवा विझतो. हा दिव्यातील बिघाड नव्हे, जोडणीतील चूक होय.

तपासणी

प्रथम संशय बल्बवर घ्यावा. तोच बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहिल्यास त्याचा निर्णय लागतो. पंख्याच्या सततच्या कंपनांमुळे आट्यांचा बल्ब सैल होतो, तसेच वाटीतील तारांचे जोडही ढिले पडतात. होल्डरच्या तळाची पितळी पट्टी दबून बसल्यास किंवा पिनांच्या होल्डरमधील स्प्रिंग अडकल्यास बल्बशी संपर्क तुटतो.

होल्डर वा वाटी उघडण्यापूर्वी भिंतीवरील बटण बंद करणे पुरेसे नसते. एमसीबी खाली पाडावा लागतो. वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असल्यास ते बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्टचा फेज कायम राहतो. एमसीबी पाडल्यावरही टेस्टर लावून पाहावे आणि तो टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखून घ्यावा. बिघडलेला टेस्टर मृत तार आणि जिवंत तार यांत भेद करत नाही.

टेस्टरची आणखी एक मर्यादा आहे. होल्डरमध्ये फेज दाखवणारा टेस्टर न्यूट्रल शाबूत असल्याची ग्वाही देत नाही. न्यूट्रल तुटलेला असेल आणि बल्ब जागेवर असेल, तर पुरवठा चालू असताना होल्डरच्या दोन्ही टोकांवर टेस्टर पेटतो. ही खूण इलेक्ट्रिशियनच्या परिचयाची असते. नवख्याने उंचावर उभे राहून चालू पुरवठ्यात ही परीक्षा करू नये.

अन्य कारणे

ओढसाखळी असलेल्या दिव्यात साखळीचे बटण झिजते. साखळी ओढल्यावर खटका जाणवला नाही, तर ते बदलावे लागते. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा कायद्यानुसार १ जानेवारी २००९ पासून उत्पादित अनेक दिवेसंचांना १९० वॅटची मर्यादा लागू झाली. ती पाळण्यासाठी बसवलेला वॅटमर्यादक जादा वॅटचे बल्ब लावल्यास दिवे बंद करतो आणि कधी स्वतःच निकामी होतो. बल्ब व बटण दोन्ही ठीक असूनही दिवा लागत नसेल, तर तेथे हा लहानसा डबा तपासतात.

रिमोटने पंखा चालतो पण दिवा लागत नाही, अशा वेळी रिमोटची बॅटरी दोषी नसते. दिव्याचे बटण, वाटीतील रिसीव्हर किंवा खुद्द दिवा यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. बल्बऐवजी एलईडीची तबकडी असलेल्या पंख्यात बहुधा ड्रायव्हर जळतो. नवा ड्रायव्हर जुन्यावर छापलेल्या व्होल्ट व मिलिअँपिअरच्या आकड्यांशी जुळणारा घ्यावा. केवळ वॅट पाहून आणलेला ड्रायव्हर तबकडीही जाळू शकतो.