विश्लेषण : म्यानमारमधील लोकशाही लढ्याला परदेशी मदतीचा आधार किती? निधी आटल्याचा फटका कोणाला?

म्यानमारच्या लष्करी राजवटीने २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली. त्या वेळी मागील निवडणूक जिंकणाऱ्या आंग सान स्यू ची कैदेत होत्या, त्यांचा पक्ष बरखास्त झालेला होता आणि देशाच्या मोठ्या भागात मतदान घेणेही लष्कराला शक्य नव्हते. त्याच वर्षात लोकशाहीवादी गटांना आणि निर्वासितांना मिळणारी अमेरिकी मदत मोठ्या प्रमाणात थांबली. यादवीने पोखरलेल्या देशात ऐक्य आणि लोकशाही रुजवण्यासाठी बाहेरचा पैसा कितपत उपयोगी पडतो, तो कोणाच्या हातात जातो आणि अचानक थांबला की काय होते, याचा हा वेध.

मदतीची वेळ का आली?

नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत स्यू ची यांच्या ‘नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी’ने (एनएलडी) ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या. नवी संसद बसण्याच्या दिवशीच, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांनी सत्ता ताब्यात घेतली. सुरुवातीला आंदोलन शांततामय होते. डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कर्मचारी यांनी काम बंद केले. लष्कराने गोळीबार सुरू केल्यावर तरुण जंगलाकडे वळले. पदच्युत खासदारांनी १६ एप्रिल २०२१ रोजी ‘राष्ट्रीय ऐक्य सरकार’ (एनयूजी) स्थापन केले, तर मे महिन्यात ‘जन संरक्षण दल’ उभे राहिले. तेव्हापासूनच्या संघर्षात ३५ लाखांहून अधिक लोक देशांतर्गत विस्थापित झाले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या आराखड्यानुसार सुमारे दोन कोटी लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक जणांना, मदतीची गरज होती.

ऐक्याचा प्रश्न इतका जुना कसा?

म्यानमारमधील संघर्ष केवळ लष्कर विरुद्ध लोकशाही असा नाही. स्यू ची यांचे वडील आंग सान यांनी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला. सीमाभागांना अंतर्गत स्वायत्तता देण्याचे त्यात मान्य झाले होते. त्याच वर्षी १९ जुलैला आंग सान यांची हत्या झाली. ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला, पण स्वायत्ततेचे आश्वासन कागदावरच राहिले. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि संघराज्याची मागणी म्हणजे फुटीरता, हीच लष्कराची भूमिका झाली. कारेन, काचिन, शान यांच्या सशस्त्र संघटना त्यामुळे अनेक दशके लढत आहेत. ‘राष्ट्रीय ऐक्य’ हा शब्द लष्करही वापरते आणि विरोधकही. लष्कराला त्यातून एक केंद्र, एक सैन्य अभिप्रेत आहे, तर वांशिक गटांना समान हक्कांचे संघराज्य हवे आहे.

२००८ ची राज्यघटना अडसर का ठरली?

मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक मृत वा बेपत्ता झाले. लष्कराने परदेशी मदतपथके अडवून धरली, पण त्याच महिन्यात नव्या घटनेवर सार्वमत मात्र उरकले. या घटनेनुसार संसदेच्या ६६४ पैकी १६६ जागा, म्हणजे एक चतुर्थांश, लष्कराने नेमलेल्या सदस्यांच्या. घटनेतील महत्त्वाच्या तरतुदी बदलण्यासाठी ७५ टक्क्यांहून अधिक मते लागतात. म्हणजेच लष्कराच्या संमतीशिवाय दुरुस्ती अशक्य. संरक्षण, गृह आणि सीमाव्यवहार ही खातीही लष्कराकडेच. मार्च २०२० मध्ये एनएलडीने दुरुस्तीचा प्रयत्न केला, तो याच अटीमुळे फसला.

आधीच्या मदतीतून काय साधले?

२०११ नंतर निर्बंध सैल झाले आणि देणगीदार देशांची यांगूनमध्ये रीघ लागली. नॉर्वेने २०१२ मध्ये शांतता साहाय्य उपक्रम सुरू केला. पुढे अनेक देशांनी मिळून ‘जॉइंट पीस फंड’ उभारला. शस्त्रसंधीवर देखरेख, वाटाघाटींचा खर्च, कार्यशाळा यांसाठी हा पैसा होता. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी राष्ट्रव्यापी शस्त्रसंधी करार झाला, पण स्वाक्षऱ्या केल्या त्या आठच सशस्त्र गटांनी. काचिन, वा आणि आराकानमधील बलाढ्य संघटना बाहेर राहिल्या. देणगीदारांचा ओढा राजधानी आणि यांगूनकडे वळल्याने थायलंड सीमेवर वर्षानुवर्षे दवाखाने, शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांचा निधी मात्र घटला. मूळ वाद लष्कराच्या घटनात्मक हक्कांचा होता. त्याला हात न लावता बैठकांवर खर्च होत राहिला. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले, तेव्हा शांतता प्रक्रियेच्या मर्यादा उघड झाल्या. स्यू ची यांनी डिसेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाची बाजू मांडली. त्याने त्यांच्या प्रतिमेला मोठा धक्का बसला.

बंडानंतर मदत पोहोचते कशी?

मदतीचे दोन मार्ग आहेत. पहिला यांगूनमधून, लष्कराच्या परवानगीने. ऑक्टोबर २०२२ मध्ये राजवटीने नोंदणी नसलेल्या संस्थांसाठी तुरुंगवासाची तरतूद केली. विरोधकांच्या ताब्यातील भागात जाण्यास परवानगी सहसा मिळत नाही. शिवाय अधिकृत दराने एका डॉलरचे २,१०० क्याट मिळत असताना बाजारातील दर ४,००० च्या पुढे गेला. अधिकृत दराने बदललेल्या प्रत्येक डॉलरचे निम्मे मोल वाटेतच संपते आणि त्याचा लाभ राजवटीला होतो.

दुसरा मार्ग सीमेपलीकडून येणारा. थायलंडमधील माए सोतसारख्या गावांतून स्थानिक संस्था औषधे, तांदूळ आणि रोख रक्कम आत पाठवतात. बँकांवर लष्कराची नजर असल्याने पैसे बहुतांशी हुंडीने जातात. विस्थापितांपर्यंत थेट पोहोचणारा हा मार्ग आहे, पण पावत्या, लेखापरीक्षण आणि नावे नोंदवण्याच्या देणगीदारांच्या अटी येथे जिवावर बेतू शकतात. मदत घेणाऱ्यांची यादी लष्कराच्या हाती पडली तर थेट अटक होते.

अमेरिकेने नेमके काय दिले?

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण कायद्यात ‘बर्मा अ‍ॅक्ट’चा समावेश झाला. लोकशाहीवादी गटांना शस्त्रे वगळता अन्य साहाय्य देण्यास त्याने मान्यता दिली. २०२४ च्या तरतुदीत म्यानमारसाठी १२ कोटी १० लाख डॉलर होते. त्यातील साडेसात कोटी सीमापार मानवतावादी मदतीसाठी आणि अडीच कोटी सशस्त्र गटांना शस्त्रेतर साहाय्यासाठी होते. मात्र न्यूयॉर्कमध्ये गोठवलेला म्यानमारचा सुमारे एक अब्ज डॉलरचा निधी एनयूजीला मिळाला नाही आणि त्या सरकारला अमेरिकेने औपचारिक मान्यताही दिली नाही. त्यामुळे एनयूजीने परदेशस्थ नागरिकांना रोखे विकले, लॉटरी काढली, इतकेच नव्हे तर लष्करप्रमुखांच्या बंगल्याचे ‘हिस्से’ही विकले. लढ्याचा मोठा खर्च सामान्य बर्मी माणसांच्या खिशातून झाला आहे.

२०२५ मध्ये काय बदलले?

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. मार्चमध्ये ‘यूएसएड’चे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि १ जुलैपासून ही संस्थाच इतिहासजमा झाली. पहिला फटका थायलंड सीमेवरील नऊ छावण्यांना बसला. तेथे सुमारे एक लाख निर्वासित राहतात. काही कुटुंबे तर १९८४ पासून. जानेवारीच्या अखेरीस छावण्यांतील दवाखाने बंद झाले आणि रुग्णांना हलवावे लागले. पुढे धान्यवाटपही आटले. म्यानमारमधील विद्यार्थ्यांसाठीची साडेचार कोटी डॉलरची शिष्यवृत्ती योजना रद्द झाली. २८ मार्च २०२५ रोजी ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने मंडाले आणि सगाइंग उद्ध्वस्त झाले, तेव्हा पूर्वीप्रमाणे मोठी अमेरिकी पथके दिसली नाहीत. थायलंडने ऑगस्टमध्ये छावण्यांतील निर्वासितांना कामाची परवानगी देण्याचा निर्णय घेतला, हा त्यातल्या त्यात दिलासा.

चीनची भूमिका कोणती?

ऑक्टोबर २०२३ मध्ये तीन वांशिक गटांनी ‘ऑपरेशन १०२७’ सुरू केले आणि लष्कराला उत्तरेत मोठे धक्के दिले. २०२४ मध्ये लाशियो हे महत्त्वाचे शहरही पडले. पण चीनने सीमानाकी बंद करून, रसद तोडून दबाव आणला आणि एप्रिल २०२५ मध्ये हे शहर पुन्हा लष्कराच्या ताब्यात गेले. चीनला लोकशाहीपेक्षा आपल्या तेल-वायू वाहिन्या, व्यापारी मार्ग आणि सीमेवरील स्थैर्य महत्त्वाचे वाटते. पाश्चात्त्य निधी आटल्याने निर्माण झालेली पोकळी चीनच्या पथ्यावर पडली आहे.

भारताचा संबंध काय?

भारत-म्यानमार सीमा १,६४३ किलोमीटरची आहे. मिझोरममध्ये म्यानमारचे ३० हजारांहून अधिक नागरिक आश्रयाला आले असून चर्च, स्थानिक युवा संघटना आणि राज्य सरकार त्यांना आधार देत आहेत. केंद्राने मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या म्यानमारविषयक ठरावावर भारत तटस्थ राहिला. सित्वे बंदरावरून ईशान्य भारत गाठणाऱ्या कलादान प्रकल्पाचे भवितव्य आता तेथील आराकान आर्मीशी निगडित आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऐझॉलमध्ये चिन समाजाच्या दोन प्रतिस्पर्धी परिषदांनी एकत्र येण्याचा करार केला. मिझोरमच्या मुख्यमंत्र्यांनी त्यात पुढाकार घेतला होता. फारसा पैसा न ओतता शेजारी ऐक्याला कसा हातभार लावू शकतो, याचे हे उदाहरण.

भूकंपानंतर भारताने ‘ऑपरेशन ब्रह्मा’द्वारे मंडालेत लष्करी रुग्णालय उभारले. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळात तुरुंगवास भोगला ते हेच शहर. म्यानमारचा अखेरचा राजा थिबा याने निर्वासनातील तीस वर्षे काढली ती रत्नागिरीत.

पुढे काय?

मदतीने म्यानमारमध्ये लोकशाही आणलेली नाही आणि ती थांबल्याने लढाही संपलेला नाही. पण या निधीने जी गोष्ट टिकवली ती नजरेआड करता येत नाही. कारेनी प्रांतात २०२३ पासून हंगामी कार्यकारी परिषद पोलीस, शाळा, दवाखाने चालवते. अन्यत्रही अशा स्थानिक व्यवस्था उभ्या आहेत. भविष्यातील संघराज्य प्रत्यक्षात कसे असेल, याची ती रंगीत तालीम आहे. शिक्षकांचे मानधन, परिचारिकांचे प्रशिक्षण, औषधे यांसाठी लागणारी रक्कम तोफगोळ्यांच्या तुलनेत किरकोळ असते, पण ती दरमहा लागते. ती थांबली की शिक्षक मजुरीसाठी सीमा ओलांडतात आणि शाळेला टाळे लागते. मग त्या गावात बंदूक ज्याच्या हाती, त्याचाच शब्द चालतो. निवडणुकीनंतर लष्करी राजवटीशी व्यवहार सुरू करण्याचा मोह अनेक देशांना होईल. तसे करताना सीमापार मदतीचा दुसरा मार्ग खुला ठेवायचा की नाही, यावर या स्थानिक व्यवस्थांचे अस्तित्व ठरणार आहे.